अठरा मिनिटांचा फरक

दाभोळच्या मच्छीमार सोसायटीत नम्रता कॉम्प्युटर सांभाळायची. दर सोमवारी भरतीच्या वेळा छापून फळ्यावर लावणं हे तिचं काम. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली होती. एकदा तिने सगळं अपडेट केलं. प्रोग्राम आणून बसवणाऱ्या ‘पॅकेज मॅनेजर’ या सॉफ्टवेअरने भरतीचा प्रोग्राम नवा बसवल्याचं सांगितलं, पण उघडला तर आवृत्ती जुनीच.

तिला राहवेना. शोधल्यावर एकाच नावाचे दोन प्रोग्राम सापडले. एक पॅकेज मॅनेजरने आणलेला, दुसरा ‘लोकल’ फोल्डरात कुणीतरी हाताने बसवलेला. नाव टाइप केलं की हाताने बसवलेलाच आधी चालायचा, आणि पॅकेज मॅनेजरला त्याची खबरच नव्हती.

पुसून टाकण्याआधी तिने दोन्ही चालवून पाहिले. वेळांत बरोबर अठरा मिनिटांचा फरक होता.

आधी हे काम नितेश करायचा. आता तो जहाजावर होता. तिने विचारल्यावर त्याचा व्हॉइस मेसेज आला.

“ताई, तो मीच तयार केलाय. मूळ प्रोग्राम बाहेरच्या समुद्राची वेळ देतो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे, म्हणून जेटीवर पाणी उशिरा भरतं. सहा वर्षांपूर्वी भिकाजीकाकांबरोबर मोजून मी अठरा मिनिटं वाढवली. सोर्स, म्हणजे त्याचा मूळ कोड, माझ्या जुन्या फोल्डरात आहे. लिहून ठेवायचं मात्र राहिलं.”

दुसऱ्या दिवशी नम्रता जेटीवर गेली. सोसायटीतले म्हातारे मच्छीमार भिकाजीकाका, त्यांनी खुणा केलेला बांबू पाण्यात रोवला. नव्या प्रोग्रामप्रमाणे भरती दहा वाजून बारा मिनिटांनी पूर्ण होणार होती, नितेशच्या प्रोग्रामप्रमाणे साडेदहाला. दहा बारा झाले तरी पाणी चढतच होतं. दहा तेवीसच्या सुमारास काका म्हणाले, “थांबलं, बाय.”

“पण नितेशने तर अठरा मिनिटं धरलीत.”

“पट्टा तेव्हा होता तिथं आता नाय. सरकलाय.”

आठ दिवस दोघांनी मोजलं. फरक अकरा मिनिटांच्या आसपासच राहिला.

नम्रताने नितेशच्या फोल्डरातल्या सोर्सच्या मदतीने ‘लोकल’मधला त्याचा जुना प्रोग्राम रीतसर काढून टाकला. सोर्समध्ये अठराचे अकरा केले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः त्यातून प्रोग्राम तयार केला. दोनदा अडला, तिसऱ्यांदा झाला. पॅकेजवाल्याशी गल्लत नको म्हणून त्याला ‘दाभोळ-भरती’ असं वेगळं नाव दिलं. कुणी, कधी आणि का बसवला, तेही शेजारच्या फाइलीत लिहिलं.

सोमवारी काकांनी फळ्यावरचा कागद वाचला. “पुढल्या वर्षी परत मोजायला लागेल.”

“मोजू की,” ती म्हणाली. “पण आधी मला होडीतून तो पट्टा दाखवा.”