फुकटच्या पेनाला ठाऊक असलेला आकडा

मी एक पेन बोलतोय. तेही फुकट वाटलेलं, तेव्हा माझ्या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही कुणावर ठेवत नाही. माझ्या अंगावर निळ्या अक्षरांत छापलंय, ‘प्रेअरी ग्लेन रुग्णालय – आम्ही एक कुटुंब आहोत’. जे पेनांवर छापून वाटावं लागतं, त्या कुटुंबाबद्दल मला पहिल्या दिवसापासून शंका आहे.

कारखान्यातून मी खोक्यात बसून थेट अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या मेळाव्यात आलो. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं जुलैअखेर इथे येतात. रेसिडेन्सीची, म्हणजे काम करत शिकण्याची, पुढची तीन वर्षं कुठल्या रुग्णालयात राबायचं, ते टेबलाटेबलावर चौकशी करून ठरवतात. निदान म्हणतात तरी तसं. मी पाहिलं ते वेगळंच. निम्मी मुलं मोजे, ओठांचं मलम आणि आम्हा पेनांनी पिशव्या भरतात आणि विचारतात, “जेवण फुकट असतं का हो?”

त्या सकाळी डॉ. प्रेस्कॉटनी मला कोटाच्या खिशाला अडकवलं होतं. प्रेअरी ग्लेनच्या रेसिडेंट डॉक्टरांचे ते प्रमुख. टेबलावर चादर अंथरताना ते टोबायसला म्हणाले, “बाळंतपणांचं कुणी विचारलं, की ‘भरपूर अनुभव मिळतो’ म्हणायचं. आकड्यात शिरू नकोस.” टोबायस त्यांच्याकडे दुसऱ्या वर्षाला होता. तो नुसतं “बरं सर” म्हणाला आणि चादरीची घडी सरळ करत राहिला.

मग कोरिन आली. कोरिन डव्होराक, नेब्रास्काच्या एका टोकाच्या गावची. तिच्या गावातली प्रसूतीची खोली बंद पडून सहा वर्षं झाली होती. तिच्या बहिणीचं बाळ बर्फात अडकलेल्या ट्रकमध्ये, रस्त्याच्या कडेला झालं, ते जेमतेम वाचलं. कोरिनला फॅमिली डॉक्टर होऊन त्याच गावात बाळंतपणं करायची होती. ती शिकवणारी जागा या तीन वर्षांत मिळाली नाही, तर पुढे कुणी शिकवणार नव्हतं.

“तुमच्याकडे बाळंतपणांचा अनुभव मिळतो का?”

“अहो, भरपूर!” प्रेस्कॉट हसले आणि खिशातून मला काढून तिच्या हातात दिलं. “पेन ठेवा तुम्हाला.”

तिने माझ्यानेच कार्डावर लिहिलं, ‘भरपूर’. मला लाज वाटली.

दुपारपर्यंत ती अकरा टेबलं फिरली आणि माझ्याकडून अकरा वेळा ‘भरपूर’ लिहून घेतलं. कॉफीच्या रांगेत तिने ते कार्ड मैत्रिणीला दाखवलं.

“वा! सगळीकडेच भरपूर? मग चिठ्ठ्या टाक की,” मैत्रीण म्हणाली.

“थट्टा करू नकोस गं. माझा प्रश्नच बावळट आहे. आणि मी तो साहेबासमोर विचारतेय.”

ती माघारी वळली. प्रेस्कॉट जेवायला गेल्याचं पाहून मगच टेबलापाशी एकट्या उरलेल्या टोबायसकडे गेली. “डॉक्टर, गेल्या वर्षी तुम्ही स्वतःच्या हातांनी किती बाळंतपणं केलीत?”

“तसा अनुभव भरपूर...”

“आकडा सांगा.”

टोबायसने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. “पेन द्या जरा.”

त्याच्या बोटांना घाम होता. कार्डाच्या मागे त्याने लिहिलं, ‘नऊ’. खाली लिहिलं, ‘बाकी सगळी स्त्रीरोगवाले घेतात. आम्ही दाराशी उभे.’

“परत निवडायची वेळ आली तर इथेच याल?”

त्याने मला टोपण लावलं आणि तिच्या हातात परत दिलं. नेमके तेव्हाच प्रेस्कॉट आले. “काय रे, काय लिहून दिलंस?”

“पत्ता, सर. बार्बेक्यू चांगलं कुठे मिळतं त्याचा.”

त्या दिवशी मला पहिल्यांदा एका माणसाचा भरवसा वाटला, आणि तो खोटं बोलत होता.

अगदी मागच्या कोपऱ्यात एक टेबल होतं. तिथे ना मोजे, ना पेनं. तिथल्या रेसिडेंट बाईंनी साहेबांच्या देखत सांगितलं, “एकशे चार. त्यातल्या दोन वेळा मी घाबरले, तेही सांगते.” पुढची तीन वर्षं कोरिन त्यांच्याच रुग्णालयात शिकली.

आता मी तिच्या गावात आहे. प्रसूतीची खोली तिने पुन्हा उघडायला लावली. तिथल्या पहिल्या बाळाची वेळ तिने माझ्याने लिहिली, सकाळी दहा पस्तीस. तेव्हाच माझी शाई संपली. तरी तिने मला कपात ठेवलंय.

परवा एक विद्यार्थिनी आली. “मॅडम, इथे बाळंतपणं शिकायला मिळतात का?”

कोरिन घाईत होती. “हो गं, भर...” मी धसकलो. इतक्या वर्षांनी हिच्याही तोंडी तोच शब्द!

तिची नजर कपाकडे गेली. ती खुर्ची ओढून बसली. “गेल्या महिन्यात चार. त्यातलं एक माझ्या हातून जवळजवळ बिघडलं होतं. आधी त्याचं विचार.”

मुलांनो, मेळाव्यात पेन खुशाल घ्या. पण आकडा मागा, आणि साहेब जेवायला गेले की पुन्हा मागा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. माझ्या अंगावर अजून ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ असंच लिहिलेलं आहे.