जोत्यावरची सुगंधा

“जागा रिकामी आसा, म्हणान माका कोण उठवीत नाय. ती भरली काय पयली माकाच भायर काढतले, बघ गो बाय.”

जोत्यावर सुकणारे बांगडे पालथे घालता घालता सुगंधा म्हणाली होती. मी हसले. “स्वराज्य येऊन दहा वर्षं झाली, सुगंधाबाई! आता असं कोण कुणाला काढतं?”

ते जोतं बर्फाच्या कारखान्याचं. भिंत चढत असतानाच कोसळली आणि तिच्याखाली सुगंधाचा नवरा, महादू गवंडी, सापडला. काम थांबलं ते कायमचं. त्यानंतर खाडीकाठच्या त्या चिऱ्यांवर काहीच उभं राहिलं नाही. कडेला नारळाच्या झापांची एक खोप, खोपीत सुगंधा आणि उन्हात तिचे बांगडे.

यंदा त्या जागेचं काय करायचं म्हणून पंचायतीने सभा बोलावली. जाळ्यांचं गोदाम, दशावताराचा रंगमंच, प्रत्येकावर भांडण. मी बालवाडी सुचवली. माझी येशू तीन वर्षांची. आया कामाला गेल्या की गावची पोरं खाडीच्या काठावर खेळतात, आणि माझा जीव दिवसभर तिथेच टांगलेला असतो. सूचना सर्वांना पटली. शिकवायचं मीच, तेही ठरलं.

“फक्त ता तोंड हंयसून जावक व्हया,” सरपंच हरिश्चंद्रभाऊ म्हणाले. “सकाळच्या पारी रांडमुंडेक बघून पोरांनी पाटी धरूची?”

सुगंधा सभेच्या दारातच उभी होती.

“मिठबावाक भाव आसा मा तुझो? थंय जा,” मागून कोणी ओरडलं. “हंय ऱ्हवान तुकाच मीठ लागला, सुक्या बांगड्यासारख्या!”

सभा हसली. सुगंधा हसणं संपेपर्यंत थांबली.

“माझ्या घोवाचा रगात ह्या जोत्याक चालला. माझा तोंड चालणा नाय?”

मी उठले, तशी सासूबाईंनी पदर ओढला. “गप बस! पोरीक शाळा व्हयी ना तुका?”

“सुगंधाबाईंना हाकलणार असाल तर मी शिकवणार नाही,” मी म्हटलं. “दुसरी शिक्षिका शोधा.”

“गावतली,” सरपंच म्हणाले. “उद्याच.”

सुगंधाच्या खोपीची झापं उतरवून त्यांचाच बालवाडीच्या उद्घाटनाचा मांडव घातला. त्याखाली सवाष्णींचं हळदीकुंकू झालं. मी गेले नाही; सासूबाई मात्र येशूला घेऊन गेल्या. मुठीत खडीसाखर घट्ट धरून पोर परतली आणि विचारू लागली, “आये, सुगंधाआजी खंय गेली?”

मी विचारणा केली, तर सुगंधाच्या मिठबावच्या भावाचा निरोप आला: आमच्याकडे आलेली नाही, आणि पाठवूही नका. एस.टी.च्या कंडक्टरने तिला तळेऱ्याच्या फाट्यावर उतरताना पाहिलं, एवढंच कळलं. हिरवी पत्र्याची पेटी, मोकळं कपाळ, डाव्या हातावर ‘महादू’ गोंदलेलं.

माझ्या पडवीत मी तिच्यासाठी जागा केली आहे. त्यावरून घरात सुरू झालेलं भांडण अजून चालू आहे, चालू दे.

तुमच्यापैकी कोणी ना कोणी तळेऱ्यावरून जात असेल. सकाळची वेळ असेल, शुभकार्याला निघाला असाल, तरी तोंड फिरवू नका. थांबा, आणि ती जेवली आहे का, एवढं तिला विचारा.