कुंकवाखालचा उजेड

"आधी तिले पोटभर उजेड पाजजो. दहा मोजजो, मगच फेकजो. उपाशी तबकडी अंधारात हरवते, मंग मले बोलू नोको!"

कैलासचा हा आवाज अजून माझ्या काचेत घुमतो.

मित्रांनो, मी एक जुना चार्जिंगचा दिवा आहे. माझी मूठ सुतळीने बांधलेली आहे आणि पाठीवर खरचटल्याच्या रेघा आहेत. पूर्वी एकदा पोटभर चार्ज झालो की तीन संध्याकाळी निघायच्या. आता अर्ध्या तासात धाप लागते. थकलो आहे मी.

आर्वीच्या बाजारातून रुख्माबाईंनी मला आणलं, ते खेळासाठी नव्हे. त्यांचा रोजचा नेम होता. तुळशीपाशी दिवा लावायचा, पोथीचा एक अध्याय वाचायचा आणि मगच घास तोंडात घालायचा. लाईन गेली की नेम अडायचा. म्हणून मी आलो. कारंज्याच्या हायवेपासून थोडं आत असलेल्या त्या घरात मी पहिली दोन वर्षं पोथीवर उजेड धरून शांतपणे काढली.

मग एका उन्हाळ्यात त्यांचा मुलगा कैलास पुण्याहून रजेवर आला आणि त्याने पिशवीतून तीन तबकड्या काढल्या. पडीक जमिनीवर त्याने बांबू रोवले, त्यांवर सायकलच्या जुन्या रिम आडव्या बांधल्या, भोवती गंजक्या साखळ्या सोडल्या आणि खाली जाळी लावली. दुरून तबकडी भिरकावायची आणि कमीत कमी फेकींत त्या जाळीत पाडायची, असा तो खेळ. दिवसा उन्हाचा चटका, म्हणून पोरांचा खेळ दिवेलागणीनंतर. तबकड्याही तशाच होत्या. उजेड पाजला की हिरव्या चमकायच्या, आणि थोड्या वेळात पुन्हा मंद व्हायच्या. प्रत्येक फेकीआधी त्यांना पाजायचं काम माझं. मला तबकडीवर पालथं धरून पोरं मोठ्याने दहापर्यंत मोजत. ते मोजणं अंगणात पोथी वाचणाऱ्या रुख्माबाईंना रोज ऐकू यायचं.

जाताना कैलासने आपली बक्षिसाची तबकडी चुलतबहिणीच्या, सातवीतल्या सुरभीच्या हाती दिली. "दिवाळीले येतो. तवरोक जीवापाड जपजो. मंग तुही न् माही मॅच!"

"जपतो दादा, देवाशप्पथ," सुरभी म्हणाली.

पावसाळा गेला, दसरा आला. घरात हत्यारं पुजली. विळे, कुऱ्हाड, रुख्माबाईंचे यजमान महादेवराव यांच्या ट्रकची किल्ली. रुख्माबाईंनी मलाही पाटावर बसवलं. "उन्हाळ्यापासून लेकरायच्या हाती राबला बिचारा. याचाही मान आहे," असं म्हणून त्यांनी तेलात कालवलेलं कुंकू माझ्या काचेवर पाचही बोटांनी भरपूर लावलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मी फुलून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सुरभी फडकं घेऊन आली. "मोठीआई, काच पुसू काय?"

रुख्माबाईंनी तिचा हात धरला. "नोको वो माय! पूजेचं कुंकू पुसत नाई. तुहे मोठे बाबा रात्रंदिवस रोडवर राह्यते. आपोआप जाईन ते."

ते गेलं नाही. तेल वाळलं, कुंकू चिकटून बसलं. त्या संध्याकाळी माझा उजेड लालभडक पडला. पोरांना आधी गंमतच वाटली. दहा मोजले, वीस मोजले, तबकडी भरेना. सुरभीने दादाची ती तबकडी तशीच फेकली. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून तुरीत जाता जाता ती काडीसारखी विझली.

मला घेऊनच सगळे शोधायला धावले. उजेड फिरवायचा, मग मला विझवून अंधारात पाहायचं. उजेड प्यालेली तबकडी असेल तिथून चमकून ओ देते. पण माझ्या लाल उजेडाला तिने ओ दिली नाही.

शेजारचा ओमप्रकाश म्हणाला, "दिवा मेला वो तुमचा! आता तेरवीले बोलवा."

पोरं हसली. सुरभी रडली. नंतर तिने दिवसा शोधलं, पण तूर माणसाच्या उंचीची, फुलं पिवळी, तबकडीही पिवळट. ट्रकवरून परतलेल्या महादेवरावांनी तर तिला तुरीत जायलाच मनाई केली. "साप-जनावर राह्यते तेथी. पाय ठेवशीन तं पाहाय!"

तेव्हा रुख्माबाईंनी तिचं डोकं कुशीत घेतलं. "दिवाळीच्या आधी तुही तबकडी तुह्या हाती देईन. शब्द देल्ला तुले."

शब्द म्हणजे त्यांच्यासाठी व्रतच. त्या रोज सकाळी पूजा आटोपून तुरीची एकेक ओळ धुंडाळत आणि रिकाम्या हाती परतत. मी मात्र फळीवर पापडाच्या डब्यामागे पडून होतो. कोणी चार्जिंगला लावायचं आणि विसरायचं, एवढाच काय तो माझा संसार.

काल कैलासचा फोन आला. "सुरभे, उद्या पोहोचतो. तबकडी चकाचक ठेवली ना?"

"हो," ती म्हणाली. फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून निजली. जेवली नाही.

त्याच संध्याकाळी अध्याय अर्ध्यात असताना लाईन गेली. रुख्माबाईंनी चाचपडत मला काढलं आणि पोथीवर धरलं. पानावर लाली पसरली. काळी अक्षरं जागच्या जागी होती, पण पोथीत देवाची नावं लाल शाईत छापलेली, ती सगळी पुसल्यासारखी झाली.

"हे काय माय? देवाचं नाव कुठी गेलं?"

त्यांनी समई जवळ ओढली. नावं परत आली. पुन्हा मला धरलं. पुन्हा गेली. मग त्यांनी माझ्या काचेवरून बोट फिरवलं.

"माह्याच कुंकवानं उजेड गिळला," त्या हळूच म्हणाल्या. "अन् मी याले म्हातारा म्हणत होतो. पूजा केली, उत्तरपूजा कराची राहूनच गेली माह्याकडून."

त्यांनी माझ्यावर अक्षता टाकल्या. "पुढच्या दसऱ्याले येजो बाप्पा," म्हणत हात जोडले. मग ओल्या कापडाने काच धुवायला घेतली. एकदा त्यांनी आपल्या कपाळावरचं कुंकू चाचपून पाहिलं. मग ते लाल पाणी तुळशीच्या मुळाशी ओतलं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंचा मान करा, आम्हाला आवडतो तो. पण दुसऱ्या दिवशी आमचं तोंड पुसायला विसरू नका. आणि कोणाचा उजेड मंदावला, तर तो संपला असं म्हणण्याआधी त्याच्यावर कशाचा थर बसला आहे ते एकदा बघा. आम्हाला सांगता येत नाही हो.

रुख्माबाईंनी उरलेला अध्याय पुरा केला. महादेवरावांचे रबरी बूट पायात चढवले, काठी घेतली, पदर खोचला. निजलेल्या सुरभीच्या अंगावर चादर ओढली. माझ्यात अर्ध्या तासाचा दम उरला होता. तो तुरीपर्यंत टिकावा म्हणून त्यांनी मला विझवलं.

"आधी पोटभर उजेड पाजजो," त्या पुटपुटल्या, "दहा मोजजो." आणि फाटकाची कडी, आवाज होऊ न देता, काढली.