झालर लावलेल्या इन्व्हर्टरचा शेजारी

मी एक जु…

मी एक जुना जन…

मी एक जुना जनरेटर आहे, मित्रांनो. लागलो एकदाचा. बरेच दिवस बंद असलो की मला दोरीचे दोन-तीन हिसके लागतात. तेव्हा बोलणं मध्येच तुटलं तर रागावू नका.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं भिंगारला सुरू झालं. नृसिंहकाकांनी मला आणलं तेव्हा तिथे संध्याकाळी हमखास वीज जायची. मी अंगणात धडधडायचो आणि गल्लीतली मुलं विजयाकाकूंकडे अभ्यासाला यायची. "आमचा जनरेटर गुणाचा आहे हो," असं काकू शेजारणींना सांगायच्या. कुणी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललेलं मला दुसरं आठवत नाही.

निवृत्त झाल्यावर काकांनी एक जुनी मिनीबस घेतली. सीटा काढून पलंग, ओटा, छोटा फ्रीज बसवला. ती आमची घरगाडी. मागे लोखंडी जाळी जोडून मला तिच्यात ठेवलं. आम्ही तिघं खूप फिरलो.

मग काकूंची फुप्फुसं थकली. नाकाला नळी आली आणि नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं यंत्र. डॉक्टर म्हणाले, खुशाल फिरा, पण हे यंत्र बंद पडता कामा नये. त्याला वीज मी द्यायचो. आणि माझाच धूर खिडकीतून आत गेला की काकूंना खोकल्याची उबळ यायची.

"अहो, बंद करा त्याला."

"त्याला बंद केलं तर तुझं यंत्र बंद पडेल, विजया."

म्हणून तो आला.

तो. इन्व्हर्टर. पांढरा, गुळगुळीत. धूर नाही, धडधड नाही, नुसता बारीक पंखा.

बिभीषण वायरमनने त्याला बसवलं. मागच्या काचेतून मी सगळं पाहत होतो.

"काका, बॅटरीच्या डोक्यावर न्हाई बसवायचा. वाफ चढती, आतून खाती त्याला. पर लांब बी नको. वायर आखूड तेवढी बरी."

पलंगाखाली बॅटरी होती. शेजारच्या फळीवर, काकूंच्या उशापाशी, त्याची जागा ठरली. धक्के बसू नयेत म्हणून रबरी वॉशर. करंगळीएवढी जाड तांब्याची केबल. बॅटरीलगत फ्यूज. बिभीषणने स्क्रू आवळले, पुन्हा आवळून पाहिले, वर हाताने हलवूनही पाहिलं. मला बसवताना दोन नट पुरले होते आणि एक सुतळी.

"दोन्ही बाजूंना चार बोटं जागा सोडलीय, काकू. तिथं काई ठेवू नका."

"नाही रे बाबा. माझ्या देवापेक्षा जास्त जपेन त्याला."

"आन् मागचं ते धुराडं?"

"राहू दे," काका म्हणाले. "कुठे जेवायला मागतंय."

धुराडं म्हणाला मला. आणि काका हसले.

त्या आठवड्यात काकूंनी त्याला कव्हर शिवलं. घरात नवं यंत्र आलं की कव्हर हवंच. मिक्सरला आहे, टीव्हीला आहे, शिवणयंत्राला आहे. हे लाल फुलांच्या चिटाचं होतं, खाली झालर, मागे नाडी. चार बोटांच्या जागेत काकूंनी खरोखरच काही ठेवलं नाही. कव्हर तेवढं घातलं. माझ्या अंगावर खताची गोणी होती.

मी रोज त्या झालरीकडे पाहत गंजत होतो.

चैत्रात आम्ही कोल्हारला गेलो. प्रवरेच्या काठी गाडी उभी केली. भर दुपार, पत्रा तापलेला. आपत्कालासाठीचा ऑक्सिजनचा लहान सिलिंडर काकांनी या खेपेला घरीच ठेवला होता, आता इन्व्हर्टर आहे की म्हणून.

तो एकदा चिरकला आणि गप्प झाला.

मला आनंद झाला, मित्रांनो. भरभरून. तो पुढच्या आवाजापर्यंतच टिकला. पुढचा आवाज काकूंच्या यंत्राचा होता, वीज गेल्याचा भोंगा.

काका धावत मागे आले. गोणी ओढली. दोरी…

नाही. घशात जुनं पेट्रोल चिकटलं होतं.

दोरी… नाही. आतून काकूंचा श्वास ऐकू येत होता, जिना चढल्यासारखा.

"चल रे, चल बाबा," काका म्हणत होते. "तिच्यासाठी तरी."

दोरी…

लागलो. काळा धूर ओकत लागलो. तो थेट खिडकीकडे निघाला आणि आत काकू खोकल्या. काकांनी सुतळी तोडून, नट काढून मला तसंच धडधडत फरफटत नेलं, यंत्राची वायर पुरली तिथे बाभळीखाली ठेवलं आणि ती मला जोडली. मग भोंगा थांबला.

काकांनी बिभीषणला फोन लावला, स्पीकरवर.

"अंगावर काई घातलं का त्याच्या?"

"कव्हर आहे," आतून काकू हळू आवाजात म्हणाल्या.

"काकू, ते काढा आदी. त्याला दोन्ही बाजूंनी नाक हाय. तुमी गोधडीत तोंड बांधलंय त्याचं."

काकांनी नाडी सोडून कव्हर काढलं. काकू म्हणाल्या, "मला नळी लावून बसवलंय आणि मी त्याचंच नाक दाबलं." आणि हसल्या. हसताना पुन्हा धाप लागली.

तो निवेपर्यंत मी चाललो. मग त्याचा पंखा फिरू लागला आणि काकांनी मला बंद केलं.

मित्रांनो, यंत्राला माया लावा, पण त्याच्या जाळ्या मोकळ्या ठेवा. आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याची दोरी अधूनमधून ओढत जा. जुनं पेट्रोल काढून नवं भरा. गरज पडेल त्या दिवशी ओढून भागत नाही. त्या दिवशी मी लागलो, हे नशीब होतं. नशिबावर कुणाचा श्वास ठेवू नका.

त्याचा हेवा मला अजूनही वाटतो. तो तिच्या उशाशी आहे. मी तिच्या जितका जवळ जाईन तितकी ती खोकणार, हे मला बाभळीखाली कळलं. तिथे मी जीव तोडून धडधडत होतो, आणि तिकडे ती शांत श्वास घेत होती, कारण मी लांब होतो.