दोन बोटं आखूड

मित्रांनो, तीन काठ्या, एक दोरी आणि एक दगड, एवढ्या सामानातून मी झालो आहे. दोन काठ्या म्हणजे माझे पाय. ते वर एकत्र बांधले आहेत. तिसरी काठी कमरेला आडवी. माथ्यावरून दोरी लोंबते आणि तिच्या टोकाला दगड. आडव्या काठीच्या मधोमध एक खूण कोरली आहे. दोरी त्या खुणेवर आली, की समजायचं, माझे दोन्ही पाय सारख्या उंचीवर आहेत. मला एवढंच कळतं. पण माणसांना तेवढंही नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, म्हणून मला नोकरी लागली.

नोकरी जिल्ह्याच्या मृद व जलसंधारण कार्यालयात. मजूर मला 'मास्तर' म्हणत. मी डोंगरउतारावर सारख्या उंचीच्या जागा दाखवायचो, मजूर तिथे खुंट्या ठोकायचे आणि त्या रेषेवर चर खणायचे. चर सपाट असला की पाणी त्यात थांबतं, मुरतं आणि जाताना डोंगराची माती घेऊन पळत नाही. मी आखलेल्या पहिल्या डोंगराखालची विहीर उन्हाळाभर आटली नाही. तेव्हा माझा फोटो निघाला. त्यात साहेब पूर्ण आहेत आणि माझा एक पाय आहे.

पुढे पातळी मोजायचं यंत्र आलं. ते मखमलीच्या पेटीत राहू लागलं आणि मी व्हरांड्यात. शिपाईकाका माझ्यावर टॉवेल वाळत घालत. टॉवेल सारखे एका बाजूला घसरत.

"डगमगतंय हे थेरडं," असं म्हणून काकांनी करवत आणली आणि माझा डावा पाय दोन बोटं कापला.

डगमगत मी नव्हतो. व्हरांड्याची फरशी उताराची होती. मित्रांनो, हे सांगायलाच तर माझा जन्म झाला होता! पण मला कोणी विचारलं नाही. टॉवेल मात्र छान राहू लागले.

एका वर्षी ऐन कामाच्या दिवसांत यंत्र बिघडलं. दुरुस्तीला वरच्या कार्यालयाची परवानगी हवी होती. वरच्या कार्यालयाकडे सगळ्या डोंगरांचे नकाशे आहेत. आमच्याकडे हे चार-दोनच डोंगर, पण ते तळपायाला पाठ आहेत. पाऊस दहा दिवसांवर आला होता. मजुरांवर देखरेख करणाऱ्या मुकादमताईंनी टॉवेल झटकून मला खांद्यावर घेतलं. माझ्या गळ्यात 'तपासलेला' अशी चिठ्ठी होती. कधी तपासलेला, हे चिठ्ठीत नव्हतं.

डावा पाय मागच्या खुंटीवर, उजवा पुढे, असं चाळीस पावलं चाललो. चर खणून झाला. ताईंनी पिंपातलं उरलेलं पाणी गंमत म्हणून त्यात ओतलं. ते थांबायला हवं होतं. ते शेवटची गाडी चुकेल अशा घाईनं चराच्या टोकाला गेलं आणि खाली ताईंच्या सासूबाईंच्या वांग्यांच्या वाफ्यात शिरलं.

सासूबाई बाजारात भाजी विकतात. त्या वर आल्या.

"सूनबाई, डोंगर अडवायला निघालीस की माझ्या अंगावर सोडायला?"

"आई, मास्तर चुकत नाहीत हो."

"पिंपभर पाण्यानं एवढं केलं, पावसानं काय होईल? सगळ्या डोंगराची माती माझ्या दारात!"

ताईंनी मला पुन्हा दोन खुंट्यांवर उभं केलं. त्या दोरीकडे बघत बसल्या. दोरी खुणेवर होती, पाणी पळत होतं. खरं कोण?

सासूबाईंनी मला खालून वर न्याहाळलं. "तराजूच दिसतोय हा. पारडी बदलून बघितलीस का? काट्यात खोट असली की तश्शी बाहेर पडते."

ताईंनी मला त्याच दोन खुंट्यांवर उलटं फिरवून उभं केलं. सगळे मजूर वाकले. दोरी खुणेपासून चांगली दूर जाऊन थांबली.

"अगं बाई, मास्तर लंगडे आहेत!" एक मजूरबाई ओरडली.

आता हे मला चुलीत घालणार, अशी माझी खात्री झाली. पण ताईंना वेगळंच कुतूहल होतं. सुलट्यात दोरी कुठे, उलट्यात कुठे, दोन्ही जागा त्यांनी कोळशाने टिपल्या. खुंट्यांचा उतार दोरीला दोन्हीकडे सारखाच ढकलतो, म्हणून दोन्हींच्या बरोब्बर मध्ये विळ्यानं नवी खूण कोरली. मग मला पुन्हा उलटंसुलटं केलं. आधी मागची खुंटी ठोकून खाली घेतली, मग थोडी वर, दोन्ही वेळा दोरी नव्या खुणेवर येईपर्यंत.

सात दिवसांत सगळी रेषा नव्याने आखली आणि चर पुन्हा खणला. सासूबाई स्वतः फावडं घेऊन आल्या, मुख्यतः सुनेवर लक्ष ठेवायला. आठव्या दिवशी पाऊस आला. चरातलं पाणी हललं नाही. त्यात एक बेडूक येऊन बसला, आणि ताईंनी अहवालात त्याचीही नोंद केली.

मित्रांनो, माझ्यावर टॉवेल जरूर वाळत घाला. माझी तक्रार नाही. फक्त कामाला नेण्याआधी गळ्यातली चिठ्ठी वाचू नका, मला एकदा उलटं फिरवून बघा. मी खोटं बोलत नाही. पण माझा पाय कोणी कापला, तर ते मला आपण होऊन सांगता येत नाही.