हिरवी डबी, पिवळी डबी

हिरवी.

टण्. टण्. टण्. प्रत्येक आवाज घासलेल्या भांड्यासारखा लख्ख.

पिवळी.

टण्. टन्. न्. आवाज परतताना मळत गेला आणि विहिरीत उतरावा तसा बुडाला.

निवृत्ती सकाळपासून गिटार मांडीवर घेऊन बसला होता. समोर मुंबईहून आणलेली दोन इको पेडलं, पायाने दाबायच्या डब्या: एक हिरवी, एक पिवळी. एक ठेवायचं, एक परत पाठवायचं. संध्याकाळी विंचूरला जयंतीचा कार्यक्रम.

मागच्या जयंतीला निफाडमध्ये जुनं पेडल बिथरलं होतं. भिमाबाई गात होत्या आणि इको थांबेचना; स्वतःलाच गिळून फुगत गेला. कर्णे किंचाळले, बायकांनी पोरं कडेवर घेतली. गायन पार्टीचे मालक कारभारी तेव्हा एवढंच म्हणाले, "पुन्हा असं झालं तर गिटार बंद. बेंजोवाला तयारच आहे."

निवृत्तीने बटण शेवटपर्यंत पिळलं. हिरवी लगेच ओरडली. पिवळी हळूहळू चढली. हळू चढणारीला पकडता तरी येईल.

पिवळी, मग.

विंचूर. स्टेज. भिमाबाई माईकची वायर घेऊन आल्या.

"घाल बाळा तुझ्या डबीत."

"बाई, ती गिटारची आहे."

"गिटारला कोण विचारतंय? इको नसला की लोक म्हणतात, बाईचा घसा बसला. निफाडला घातली होती ना? तशीच घाल."

निफाडला.

निवृत्तीने वायरकडे पाहिलं. जुन्या पेडलला बिथरायला लावलं होतं ते या वायरने. कर्ण्याचा आवाज माईकमध्ये, माईकचा डबीत, डबीचा पुन्हा कर्ण्यात. आणि त्याने दिवसभर काय तपासलं? गिटार. घरात. कर्ण्याशिवाय.

"बाई, आज नको—"

भिमाबाईंनी स्वतःच वायर डबीत खुपसली आणि ढोलकी सुरू झाली.

पहिली ओळ छान गेली. दुसरीला भिमाबाईंनी सूर लांबवला आणि पिवळीने तो धरला. बुडेना. चढायला लागला. निवृत्तीने पाय आपटून डबी बंद केली.

"इको! इको!" मंडपातून ओरडा.

चालू. चढला. बंद. चालू. दोन शब्द सोडायचे, तिसऱ्याला गळा दाबायचा. एका पायावर उभा राहून तो गिटार वाजवत होता, दुसरा पाय डबीवर थरथरत होता, आणि पुढचा लांब सूर कुठे येणार हे भिमाबाईंनाही ठाऊक नसायचं.

चढला—

बंद.

चढ—

बंद.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. कारभारी स्टेजच्या कडेला आले.

"काय रे, नाचतोस काय?"

"नाही, कारभारीदादा."

"नाच, नाच. लोकांना आवडलं. शब्द कसा मध्येच तोडतोस, मध्येच सोडतोस! आता प्रत्येक कार्यक्रमाला हेच पाहिजे. बेंजोवाल्याला नको म्हणून सांगतो."

गिटार राहिली. निवृत्तीने मान हलवली. पोटरीत गोळा आला होता.

"आता बाईंचं आवडतं," कारभारी माईकवर म्हणाले, "लांब आलापाचं."

भिमाबाईंनी श्वास भरून घेतला.