तळाचं बी

भाची भिंगरी गिळायचं ते गिळून मोकळी झाली होती आणि इकडे मावशीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मावशी, मी बी गिळलं. आता पोटात झाड येणार?" एवढीशी भाची डोळे चमकवत विचारत होती. एरवी मावशीने "हो, आणि कानातून फांद्या!" म्हणून तिला पिटाळलं असतं. आज तिने पोरीचं तोंड उघडून आत बघितलं.

मावशीची रोपवाटिका कालव्याच्या काठाला होती. कुठल्या कुठल्या झाडांच्या बिया पाण्याबरोबर वाहत येऊन तिथे लागायच्या. महिनोन्महिने भिजूनही आत थेंब शिरू देणार नाहीत, इतक्या हट्टी. मावशी त्यांना कानशीने घासायची. कवचाला खाच पडली की पाणी आत जातं, बी जड होऊन तळाशी बसतं आणि मग रुजतं. यातलं लाल बी आतून जहरी. अख्खं पोटात गेलं तर जसं गेलं तसं बाहेर पडतं. घासलेलं गेलं तर मात्र खेळ खलास.

परातीत त्याच लाल बिया घासून भिजत घातल्या होत्या. भाचीचं मन रमावं म्हणून मावशीने न घासलेल्या चार-दोन वर तरंगत सोडल्या होत्या. "या माझ्या होड्या. हात लावायचा नाही," असं बजावून ती रोपं न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याशी बोलायला गेली. घात झाला तो तिथेच.

"कोणतं गिळलंस? वरचं की खालचं?" तिने पोरीला गदागदा हलवलं. भिंगरीने घाबरून तोंड मिटून घेतलं. टेम्पोवाल्याने रोपं तिथेच टाकली, दोघींना पुढे बसवलं आणि दवाखाना गाठला. वाटभर मावशीला बहिणीचा आवाज ऐकू येत होता. कामावर जाताना ती म्हणाली होती, "तुझ्याजवळ आहे म्हणून मला घोर नाही."

"कवच शाबूत असेल तर नुसतं लक्ष ठेवू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नसेल तर भूल देऊन, नळी घालून आत्ताच काढावं लागेल. एवढ्याशा जिवाला ते सोपं नाही. नक्की काय ते सांगा."

वरचंच असेल. लहान मूल हाताशी येईल तेच उचलतं. मावशीने मनाची समजूत घातली आणि तसं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात वाटेत सगळं ऐकलेला टेम्पोवाला पोरीपुढे उकिडवा बसला.

"भिंगरे, कुणी रागावणार नाही हं. होडी गिळलीस ना?"

भिंगरीला ते फारच लागलं. "होडी कशी गिळीन? मावशी हात लावू नको म्हणाली होती ना! मी हात खाली घालून तळातलं काढलं."

 पोरीने मावशीचं ऐकलं होतं, अगदी शब्दन् शब्द ऐकलं होतं.

"घासलेलं आहे ते," ती कशीबशी म्हणाली. "मीच घासलंय. बाई, काढा ते. आत्ता काढा."

पोरीला आत नेलं आणि दार बंद झालं. निरोप मिळताच बहीण धापा टाकत आली, काय झालं म्हणून विचारू लागली, आणि मावशीला तिच्याकडे मान वर करून बघवेना. पोरीला काही झालं तर आपण जगायचं कसं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

खूप वेळाने डॉक्टरबाई वाटी घेऊन बाहेर आल्या. बी टम्म फुगलं होतं, पण फुटलं नव्हतं. "ठीक आहे पोरगी," त्या म्हणाल्या. बहीण मटकन खाली बसली आणि मावशीला धरून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी रोपवाटिकेत गेली. परात तशीच टेबलावर होती. तिने वाकून पाहिलं. तळातलं एकूण एक बी रात्रीत तडकलं होतं. आतला पांढरा गर बाहेर डोकावत होता. वर होड्या मात्र होत्या तशाच तरंगत होत्या, त्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं.